शेवटच्या रांगेतला सोलो

मनीषनगर, नागपूर
११ फेब्रुवारी २०२४

मामा, सविनय जयभीम.

तुम्ही मोबाइल उचलत नाही, म्हणून पत्र लिहून राहिली. सोबत नोटेशनची बावीस पानं आहेत. तो तीनशे वर्षांपूर्वीचा, ए मायनरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो, जो तुम्ही शहाऐंशी साली बंबईले भरल्या हॉलमध्ये एकट्यानं वाजवला होता, तो मी इलेक्ट्रिक गिटार अन् रॉक बँडसाठी बसवून राहिली. तीन भागांपैकी पहिली अन् तिसरी मूव्हमेंट झाली. मधली, संथवाली, अडली आहे.

आम्ही चौघं आहो. गिटार माझी. दिवसा बुटीबोरीच्या सूतगिरणीत लॅबमध्ये धाग्याची ताकद मोजते, संध्याकाळी कंपनीच्या बसनं परत. ऋषिकेश बास गिटार वाजवते, नूपुर कीबोर्ड, अन् अश्विन ड्रम. अश्विन कळमन्याच्या बाजारात मापारी आहे, पहाटेपासून पोती तोलते. लग्नाच्या बँडपार्टीत ताशा वाजवत मोठा झाला. ऋषिकेशच्या गच्चीवर टिनाची खोली आहे, तिच्यात जुन्या गाद्या उभ्या करून प्रॅक्टिस करतो.

अडचण अशी की व्हायोलिनचा सूर गज ओढत राहिलं की राहते. गिटारीची तार छेडली की सूर तिथूनच मरायले लागते. संथ मूव्हमेंटमध्ये एकेक सूर लांबच लांब धरायचा आहे, तिथं मी काय करू? तुम्ही तेव्हा त्या लांब सुरांच्या मधात स्वतःच्या हरकती भरल्या होत्या, असं आई सांगे. ती पानं तुमच्याजवळ असतीलच. झेरॉक्स पाठवा.

ऑगस्टमध्ये इथल्या एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला आहे. आई गेली तेव्हा तुम्ही तीन तास येऊन गेले, काही बोलणं झालं नाही. तिनं तुमच्या त्या सोलोची गोष्ट अख्ख्या मोहल्ल्याले सांगितली होती. मले ती पाठ आहे.

तुमची भाची
दीक्षा


खडकी, पुणे
२६ फेब्रुवारी २०२४

आयु. दीक्षा, मंगल कामना.

पत्र आणि पाने मिळाली. ‘लिहून राहिली’, ‘बंबईले’. बी.एस्सी. झालेल्या मुलीने असे लिहावे, यावर मी काय बोलणार. मी नागपूर सोडले तेव्हाच ती भाषा स्टेशनावर ठेवून आलो.

बावीस पाने वाचली. पानांच्या शेवटी रेकॉर्डिंगची लिंक दिली आहेस, ती उघडली नाही आणि उघडणारही नाही. ज्याला वाचता येते त्याला ऐकावे लागत नाही.

गिटारीच्या साथीच्या ओळीत तू प्रत्येक कॉर्डमधला गंधार काढून टाकला आहेस. नुसते सा आणि प. मग ऐकणाऱ्याला कळणार कसे, हे दुःखाचे आहे की आनंदाचे? गंधार काढलेला कॉर्ड म्हणजे नाक कापलेला चेहरा. दुसरी व्हायोलिने आणि व्हायोला मिळून दहा-बारा माणसांचे काम तू कीबोर्डवाल्या एका मुलीच्या दहा बोटांत कोंबले आहेस. आणि ड्रम. संगीतकाराने जिथे जिथे श्वास घेतला आहे, तिथे तिथे तुझ्या मापाऱ्याने ढोल भरला आहे. पोती तोलणाऱ्याला रिकामे माप दिसले की ते भरावेसे वाटत असेल. त्याचा दोष नाही. त्याला तिथे बसवणारीचा आहे.

गिटारीवाले हे धंदे जगभर करतात, मला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाला जीन्स चढवून वरातीत नाचवायचे आणि म्हणायचे, बघा, आम्ही त्याला तरुण केला. गर्दी जमते. गर्दी कशालाही जमते.

संथ मूव्हमेंट तुला अडली, हे एकच लक्षण मला बरे वाटले. ती गिटारीवर होत नाही. सोडून दे.

पाने मिळणार नाहीत. आणखी एक. तुझी आई अंजना माझी मोठी बहीण होती, तिने मला शिकवले, ते मी विसरलेलो नाही. पण तिला संगीतातले काही कळत नव्हते. तिने सांगितलेल्या गोष्टी संगीताच्या कामात धरू नकोस.

धम्मानंद


मनीषनगर
९ मार्च २०२४

मामा, जयभीम. सविनय या वेळी नाही.

गंधार काहून काढला ते सांगते. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावून तिन्ही सूर एका गिटारीवर दाबले की चिखल होते. ही गोष्ट गिटार हातात घेतलेल्या कोणालेही माहीत आहे. म्हणून गिटारीले सा-प ठेवला अन् गंधार नूपुरच्या डाव्या हातात दिला. पान सहा, तिसरी ओळ. पान अकरा, पहिली ओळ. ज्याले वाचता येते त्यानं वाचायले पायजे होतं.

संथ सुराचाही उपाय आम्हाले सापडला, तुमच्याशिवाय. तार छेडताना आवाजाचं बटण बंद ठेवायचं, अन् मंग करंगळीनं हळूहळू उघडायचं. छेडल्याचा टक् आवाज येतच नाही, सूर कुठून तरी उगवल्यासारखा येते. धरूनही ठेवता येते. होत नाही म्हणता ते होऊन राहिलं.

ड्रमबद्दल एका जागी तुमचं बरोबर होतं. पहिल्या मूव्हमेंटमध्ये गिटार थांबते तिथं अश्विनचा रोल, तो सलग गडगडाट, जास्तीचा होता. मी त्याले तुमचं पत्र दाखवलं नाही, फक्त ती जागा दाखवली. त्यानं एकदा वाजवून पाहिलं, एकदा सोडून पाहिलं, अन् काढून टाकला. म्हणाला, तुझ्या मामाले कान आहे. पोतीवाल्यानं तुमाले असं म्हटलं.

आता दुसरी गोष्ट. पुष्पलताबाई तुमाले आठवत असतील. तुमच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवत. आता लेकीकडे राहतात, आमच्याहून दोन गल्ल्या सोडून. व्हायोलाचा भाग समजून घ्यायले मी त्यांच्याकडे गेली होती. मोठ्या तोऱ्यात सांगितलं की शहाऐंशी सालचा सोलो माझ्या मामानं वाजवला. बाई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, “धम्मानंद? नाही गं. तो सेकंड व्हायोलिनला, शेवटच्या रांगेत. सोलो दुसऱ्याने वाजवला.” मंग माझ्याकडे पाहून त्यांनी विषय बदलला अन् बिस्किटं पुढं केली.

म्हणजे ती पानं तुम्ही देत नाही असं नाही. ती नाहीतच. अडतीस वर्षं तुम्ही आईले फसवलं, अन् ती बिचारी तुमचं खोटं दारोदार मिरवत राहिली. तिले काही कळत नव्हतं, असं तुम्ही लिहिता. ते तुमच्या सोयीचंच होतं.

दीक्षा


खडकी, पुणे
१९ मे २०२४

आयु. दीक्षा,

तुझे पत्र दहा आठवडे टेबलावर पडून होते. उत्तर द्यायचे नव्हते. पण ‘फसवले’ हा शब्द तसाच राहू द्यायची माझी तयारी नाही.

पुष्पलताबाई खोटे बोलत नाहीत. सोलो मी वाजवला नाही. पण वाजवणार होतो. ठरलेल्या वादकाचे मनगट दुखावले होते. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरने शेवटच्या रांगेतून मला उठवून पुढे उभे केले. सहा आठवडे मी तालमी केल्या. संथ मूव्हमेंटच्या हरकती लिहिल्या, त्या त्याने मान्य केल्या. कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझे नाव छापले. मी अंजनाला पत्र टाकले, ये.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मूळ वादक ग्रीनरूममध्ये आला. मनगट बरे झाले म्हणाला. कंडक्टरने सगळ्यांसमोर मला सांगितले, “धम्मानंद, तू आपल्या जागेवर बस. तुझं नाव वाचून कोणी आलेलं नाही.” कोणीतरी हसले. मी कोट घातलेला होता, नवा शिवलेला. व्हायोलिन उचलले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. निघून जायला हवे होते. ते माझ्याने झाले नाही.

कार्यक्रम संपल्यावर अंजना बाहेर पायरीवर उभी होती. म्हणाली, “लय छान वाजवलं गा. मले तं तुझंच ऐकू येत होतं.” मी तिच्याकडे बघत राहिलो. पुढे उभा राहून वाजवणारा माणूस आपला भाऊ नाही, एवढेही तिला दिसले नव्हते. पाचशे मैलांचा प्रवास करून ती आली, आणि लाकडाच्या ओंडक्यासारखी बसून गेली. इतरांनी मला खाली बसवले त्यापेक्षा मला तिच्या अडाणीपणाची लाज जास्त वाटली.

ती परत गेली आणि तिने गावभर सांगितले. मी नागपूरला येई तेव्हा लोक त्या सोलोचे कौतुक करत. खरे बोललो असतो तर ती मूर्ख ठरली असती, म्हणून गप्प बसलो. मग येणेच कमी केले. यात माझी चूक असेल. पण तिला कान नव्हते, ही माझी चूक नाही.

पाने आहेत. आजवर कोणाला दाखवली नाहीत. करंगळीने बटण फिरवणाऱ्या माणसाला दाखवायची, असे तर मुळीच वाटत नाही.

धम्मानंद


मनीषनगर
२ जून २०२४

मामा,

तुमचं पत्र घेऊन मी रुख्माबाईंकडे गेली. आमच्या जुन्या घराशेजारच्या, हातमागवाल्या. त्यांचे माग आता बंद आहेत, लेक फर्निचरच्या दुकानात आहे. तुमाले माहीत नसन, पण शहाऐंशी साली आई एकटी बंबईले आली नव्हती. रुख्माबाई सोबत होत्या. हॉलमध्ये आईच्या बाजूले बसल्या होत्या. तुम्ही बाहेर आले तेव्हा त्या पाण्याची बाटली भरायले गेल्या होत्या.

मी त्यांले विचारलं, आईले तुम्ही दिसले नव्हते काय? त्या म्हणाल्या, मी शब्द दिला होता, पण आता ती गेली, अन् तू तिची लेक आहे.

आईनं तुमाले पडदा उघडल्याबरोबर शोधलं होतं. पुढं पाहिलं, तिथं दुसराच माणूस. मंग मागं पाहिलं. शेवटची रांग, खांबाजवळ, मान खाली. तिनं रुख्माबाईंचा हात धरला अन् कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. संथ भाग सुरू झाला, तेव्हा तुमच्या रांगेतल्या साऱ्यांनी गज मांडीवर ठेवले होते. तुम्हीही ठेवला होता. पण तुमचा डावा हात व्हायोलिनच्या मानेवर चालून राहिला होता. आवाज नाही, नुसती बोटं. पुढचा माणूस जे वाजवत होता ते, अन् त्याच्यापेक्षा जास्त काही. आई रुख्माबाईंले म्हणाली, “पाहा, थो वाजवून राहिला.” तिनं पुढच्या माणसाकडे एकदाही पाहिलं नाही.

मले तं तुझंच ऐकू येत होतं, असं ती म्हणाली. ते खरं होतं, मामा.

परतीच्या गाडीत ती भुसावळपर्यंत रडली. मंग तोंड धुऊन आली अन् रुख्माबाईंकडून वचन घेतलं. मोहल्ल्यात एकच सांगायचं, त्यानं एकट्यानं वाजवलं. त्याले तिथं खाली बसवलं, इथं कोणी बसवायचं नाही.

खोटं तुम्ही बोलले नाही, हे मी मान्य करते. ‘फसवलं’ हा शब्द परत घेते. बाकी काही परत घेत नाही. त्या हॉलमध्ये फक्त तुमच्यासाठी आलेलं एकच माणूस होतं. त्याले तुम्ही लाकडाचा ओंडका म्हटलं, अन् अडतीस वर्षं त्याच्या घरी जायचं टाळलं. ती दवाखान्यात होती तेव्हाही. कान कोणाले नव्हते, ते तुम्हीच ठरवा.

दीक्षा


मनीषनगर
२७ ऑगस्ट २०२४

मामा, जयभीम.

तुमची चार पानं जूनच्या शेवटी आली. पाकिटात पत्र नव्हतं, मी शोधलं. शाई पार तपकिरी झाली आहे. दोन महिने त्याच्यावरच काम केलं. तुमच्या तीन हरकती गिटारीवर बसत नाहीत, व्हायोलिनच्या तारा पाच-पाच सुरांच्या अंतरानं अन् गिटारीच्या चार-चार, त्यामुळं बोट पोचत नाही. त्या मी मोडून दुसऱ्या केल्या. बाकी तशाच ठेवल्या. पानं सुखरूप आहेत.

कार्यक्रम शनिवारी झाला. कसा झाला ते सांगते, कोणाले तरी सांगायले पायजे.

एका संस्थेचा वर्धापन दिन होता. आम्हाले चौदा मिनिटं दिली होती. भाषणं लांबली. ग्रीनरूममध्ये सूत्रसंचालन करणारा माणूस आला अन् म्हणाला की चार मिनिटं उरली, ते इंग्रजी बिंग्रजी राहू द्या, लोकांले ओळखू येईन असं एखादं फिल्मी गाणं वाजवून द्या. लोक तुमाले ऐकायले नाही, जेवायले आले आहेत.

मी म्हटलं, चार मिनिटं तं चार मिनिटं, आम्ही संथ मूव्हमेंट वाजवतो. ती तेवढीच आहे. तिच्यात ड्रम नाही. अश्विन मोजे बदलून स्वच्छ बूट घालून राहिला होता. त्याच्याकडे न पाहताच मी म्हटलं, “तू बस. आज तुझं काम नाही.”

नूपुरनं माझ्याकडे पाहिलं. ऋषिकेशनं पाहिलं नाही. अश्विनची माय अन् बायको हॉलमध्ये होत्या, कळमन्याहून ऑटो करून आल्या होत्या, हे मले माहीत होतं. त्यानं त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती, हेही माहीत होतं. त्यानं काड्या पिशवीत टाकल्या, मागच्या दारानं निघाला, हॉलमध्ये जाऊन मायले अन् बायकोले उठवलं अन् त्यांले घेऊन गेला. हे मी विंगेतून पाहिलं.

मंग वाजवलं. मामा, चांगलं वाजलं. एकही सूर मेला नाही. खाली लोक गुलाबजाम खाऊन राहिले होते, पोरांले हाका मारून राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहून मनात म्हणून राहिली, तुमाले कान नाहीत, तुमच्यासाठी हे नाहीच आहे. अन् मले ते म्हणायले गोड वाटून राहिलं. दोन मिनिटं मी अगदी खुशीत होती. मंग माझ्या ध्यानात आलं की हे मी तुमच्या आवाजात म्हणून राहिली, अन् ग्रीनरूममध्ये जे म्हटलं ते त्या कंडक्टरच्या.

तुमचं मेचं पत्र माझ्या गिटारीच्या खोक्यात होतं. मी ते वाचलेलं होतं, तरी.

अश्विन फोन उचलत नाही. दोनदा कळमन्याले गेली, तो काट्यावर होता, मले पाहून दुसऱ्या शेडमध्ये गेला. नूपुर म्हणते, तो आल्याशिवाय ती येणार नाही. तिचं बरोबर आहे. काय करू, हे मी तुमाले विचारून राहिली नाही. तुमाले विचारण्यात काही अर्थ नाही. फक्त लिहिलं.

दीक्षा


खडकी, पुणे
५ सप्टेंबर २०२४

आयु. अश्विन यांस जयभीम.

आपली ओळख नाही. मी दीक्षाचा मामा. तुमचा पत्ता तिच्याकडून घेतलेला नाही, पुष्पलताबाईंनी नूपुरकडून मिळवून दिला. हे पत्र मी लिहितो आहे, हे तिला माहीत नाही.

प्रथम माझे. फेब्रुवारीत मी तिला लिहिलेल्या पत्रात तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल हिणवून लिहिले होते. तिने ते तुम्हाला दाखवले नाही, म्हणून मीच सांगतो. तुम्ही त्याच वेळी माझ्याबद्दल चांगले बोलला होतात, तेही मला नंतर कळले.

कार्यक्रमाच्या शनिवारी तुमच्याशी जे झाले ते मला ठाऊक आहे. मी तुमच्याच वयाचा असताना एका ग्रीनरूममध्ये माझ्याशी तेच झाले. मी कोट घालून मागच्या रांगेत जाऊन बसलो. तुम्ही आपली माणसे घेऊन निघून गेलात. तुम्ही केलेत ते बरोबर, आणि ते कोणीतरी तुम्हाला सांगायला हवे, म्हणून सांगतो. मला तेव्हा कोणी काही सांगितले नाही. एका माणसाने सांगितले होते, पण मला ते ऐकू आले नाही.

दीक्षाची बाजू मी घेत नाही. तिने वाईट केले. मात्र तिला ते तीन दिवसांत कळले. मला माझे कळायला अडतीस वर्षे लागली, आणि जिची माफी मागायची ती माझी बहीण तोवर राहिली नाही. मी तिच्या शेवटच्या आजारात आलो नाही. यावर मला आता काही करता येत नाही.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीला सांगून तुमच्या बँडचे रेकॉर्डिंग लावून घेतले. चार वेळा ऐकले. इलेक्ट्रिक गिटार मला आवडत नाही, ती पुढेही आवडेल असे वाटत नाही. तुमचा बासवाला तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये घाई करतो, त्याला आवरा. पण त्याच मूव्हमेंटमध्ये गिटार धावत सुटते तेव्हा तिला खाली पडू न देणारा माणूस तुम्ही आहात. पाने वाचून मला हे दिसले नव्हते. ऐकल्यावर कळले.

संथ मूव्हमेंटमध्ये ड्रम नाही, हे मीच सांगत आलो. मूळ रचनेतही काही नाही. म्हणून तर त्या दिवशी तुम्हाला वगळणे इतके सोपे गेले. सोबत सहा पाने आहेत. त्या मूव्हमेंटसाठी मी ड्रमचा भाग लिहिला आहे. जोरात काही नाही. मऊ टोकाच्या काड्यांनी, मोठ्या झांजेवर आणि खालच्या ड्रमवर. गिटारीचा सूर लांबत जातो तेव्हा पुढचा सूर कधी घ्यायचा, हे तुमच्या हातून ठरते. असे लिहिले आहे की तुम्ही ठोका दिल्याशिवाय गिटारीला पुढे जाताच येत नाही. यापुढे ती मूव्हमेंट तुमच्याशिवाय कोणाला वाजवता येणार नाही. दीक्षालाही नाही.

हे चांगले आहे की नाही, मला सांगता येत नाही. ड्रमसाठी मी आयुष्यात कधी एक ओळ लिहिलेली नाही.

तुम्हाला नोटेशन वाचता येत नाही, असे पुष्पलताबाई म्हणाल्या. मी चौदा तारखेला सकाळच्या गाडीने नागपूरला उतरतो आहे. सरळ कळमन्याला येईन आणि काटा बंद होईपर्यंत शेडबाहेर बसेन. बोलायचे नसेल तर बोलू नका, मी संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. बोलायचे असेल तर काड्या सोबत ठेवा. पाने मी वाचून दाखवतो, तुम्ही वाजवून दाखवा, आणि जिथे माझे चुकले असेल तिथे खोडा.

धम्मानंद